त्या दिवशी आमची लाइट गेली नाही

मोबाईलवर बंदुकांचा खेळ खेळायचा आणि त्याचा पगार घ्यायचा, हा माझा धंदा. वाक्य एवढंच आहे, पण कामरगावात कुणासमोर उच्चारून पाहा. ऐकणारा आधी हसतो, मग मान जरा तिरकी करून विचारतो, "थे ठीक हाय, पन काम काय करतं बे तू?" मी मुळात चिडका माणूस आहे. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला बसवून समजावत असे, की चार जणांचा संघ असतो, कोच असतो, करार असतो, हजारो लोक बघतात. दुसऱ्या वर्षापासून मी नुसता रस्ता बदलायला लागलो.

आमच्या घरात शिक्षणाला देवासारखं मानायचे, म्हणजे देव नव्हताच, म्हणून शिक्षणालाच मानायचे. आजोबांनी दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली, बाबा वीज कंपनीत लाईनमन झाले, आणि मी इंजिनिअर होणार हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं होतं. दर जयंतीला विहारात गुणवंतांचा सत्कार असतो. दहावीला माझाही झाला होता. पुढे कारंज्यात कॉलेजला असताना मी हा खेळ खेळायला लागलो, त्यात नाव झालं, पुण्याच्या एका संघाने बोलावलं आणि मी शिक्षण अर्धवट टाकून गेलो. त्यानंतर विहारातली मोठी माणसं भेटली की "जय भीम" म्हणायची आणि लगेच दुसरीकडे बघायची. त्यात राग नसे. नापास झालेल्या मुलाला कुणी निकाल विचारत नाही, तसं ते होतं.

आई लोकांना सांगायची, "पुण्याले कंपनीत हाय." बाबा खोटं बोलत नसत. ते म्हणायचे, "हाय तिकडं पुण्याले," आणि विषय संपवायचे. नोकरी हा शब्द त्यांनी माझ्या बाबतीत कधी वापरला नाही. नोकरी म्हणजे काय असतं हे त्यांना चांगलं माहीत होतं.

पुण्यात आम्ही एका बंगल्यात राहायचो. खेळाडू, एक राखीव खेळाडू, कोच आणि स्वयंपाकाच्या मावशी. दुपारी उठायचं, बोटांना पावडर लावायची, अंगठ्यांवर पातळ कापडी टोप्या चढवायच्या आणि सराव सामने सुरू करायचे. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या अशा चार बोटांनी आम्ही खेळायचो, त्यामुळे फोन धरल्यावर हात खेकड्यासारखे दिसायचे. प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. शत्रू एखाद्या घरात दडून बसला असला की आमच्यातल्या एकाला पहिल्यांदा दारातून आत शिरावं लागतं. समोरच्यांच्या गोळ्या त्याच्यावर येतात, ते कुठे आहेत हे कळतं, आणि मागचे तिघे त्यांना टिपतात. तो पहिला शिरणारा मी. मरायचा पगार मिळायचा म्हणा ना.

मी त्यात खरंच चांगला होतो. फुशारकी नाही, एवढं एकच तर मला येत होतं. आत शिरलो की घाईत माझी हिंदी पळून जायची आणि मी ओरडायचो, "खिडकीत हाय बे, खिडकीत!" बघणाऱ्यांना त्याची गंमत वाटायची. खाली धावणाऱ्या कॉमेंटमध्ये सगळे "हाय बे, हाय बे" लिहायचे. संघातली पोरंही आपसात वऱ्हाडी झाडायला लागली होती. मीही हसायचो, पण खोलीत गेल्यावर आरशासमोर "खिडकी में है" असं म्हणून पाहायचो. आपल्या बोलीची लाज वाटते याची वेगळी लाज वाटायची. मग त्याही गोष्टीचा राग यायचा.

या धंद्यात म्हातारपण लवकर येतं. चोविशी ओलांडली आणि मी दारातून आत शिरल्यावर पहिली गोळी माझी नसायची, समोरच्याची असायची. फरक डोळ्यांना दिसणार नाही इतका होता. कोचला तो दिसायचा. तो मला काही बोलायचा नाही, फक्त राखीव पोराला माझ्याबरोबर जास्त सरावाला बसवायला लागला. तो इशारा मी तेव्हाच ओळखायला हवा होता.

त्या उन्हाळ्यात संघाच्या मालकांनी बंगला सोडला. पात्रता फेरी ज्याने त्याने आपापल्या घरून खेळायची असं ठरलं. मी बॅग घेऊन कामरगावला आलो.

आता बाबांबद्दल थोडं सांगतो. आमच्याकडे लाईनमनला वायरमन म्हणतात. गावात त्यांचं वजन होतं, आणि ते पदामुळे नव्हतं. ते कुणासाठी लाइन सोडत नसत आणि कुणासाठी तोडतही नसत. लग्न असो, गावचा पुढारी असो, खुद्द त्यांचा साळा असो, दुरुस्तीसाठी बंद करायची ती लाइन बंद होणार आणि काम झालं की लगेच सुरू होणार. कुणाच्या घरचा चहा ते घेत नसत. मोहल्ल्यातले वेल्डिंगवाले चाचा त्यांचे जुने मित्र, त्यांच्या दुकानासमोर बाबा रोज उभे राहायचे, पण चहा तिथंही नाही. चाचा म्हणायचे, "वायरमन, तुमी तं आमच्या घरचं पानीबी मीटर लावून प्याल." बाबा हसायचे. गावात लाइट गेली की लोक शिव्या घालायचे, पण त्या कंपनीला. बाबांना कुणी म्हटलं नाही, की तुम्ही मुद्दाम केलं.

कामाचा एक नियम ते आम्हाला लहानपणापासून सांगायचे. माणूस खांबावर चढलेला असताना खालच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. कलेक्टरचा फोन आला तरी नाही. तो स्वतः खाली उतरून "झालं" म्हणेपर्यंत थांबायचं.

मॅचच्या दिवशी सकाळी मी मधल्या खोलीचं दार लावून घेतलं. फोन बॅटरीवर चालला असता, पण इंटरनेटवाल्याचा डबा ज्या खांबावर होता त्याला बॅटरी नव्हती. गावाची लाइट गेली की डबा बंद आणि डबा बंद की मी खेळाबाहेर. हे मी आईला आदल्या दिवशी सांगितलं होतं. कुरकुरत सांगितलं होतं एवढंच, काही करा असं म्हटलं नव्हतं. आईने ते बाबांच्या कानावर घातलं असणार.

खोलीत पंखा चालू होता. बाहेर आईने कुकर लावला नाही, शेजारच्या बायकांना आत मॅच आहे म्हणून अंगणातूनच परत पाठवलं. दाराच्या फटीतून मला बाबांचे पाय दिसत होते. ते ओसरीत खाटेवर बसले होते. कामाच्या दिवशी बाबा घरी कसे, असं एकदा मनात आलं, पण तेवढ्यात पहिला डाव सुरू झाला.

पहिल्या डावात मी दारातून शिरलो आणि मेलो. मागचे आत येईपर्यंत समोरचा खिडकीतून निघूनही गेला. दुसऱ्या डावात मी जिन्यावर मेलो, कुणी मारलं ते मला दिसलंसुद्धा नाही. कानात कोचचा आवाज आला. अगदी शांत होता. "तू बैठ जा थोड़ा." राखीव पोरगा माझ्या जागी आला.

राखीव झाला तरी उठून जाता येत नाही. कुणाचं नेट गेलं, काही झालं तर आपल्याला लगेच बोलावतात, म्हणून फोन समोर धरून, कानात आवाज लावून, स्वतःचा माईक बंद करून बसायचं. मी बसलो. माझ्याशिवाय ते तिसरा डाव जिंकले. चौथ्यात ते एका घरात शिरले, तो पोरगा सर्वांत पुढे होता, आणि शिरला तसा जिवंत बाहेर आला. कॉमेंटमध्ये कुणीतरी लिहिलं, म्हाताऱ्याला आधीच बसवायला हवं होतं. मी पंख्याखाली बसून ते सगळं बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं, याच्या खाली आणखी काही नसेल.

ऊन कलल्यावर आमचा संघ पुढच्या फेरीत गेला आणि मी दार उघडून बाहेर आलो. बाबा खाटेवर तसेच बसलेले. खाकी शर्ट अंगात, हेल्मेट बाजूला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

बाबा उठले, हेल्मेट घेतलं, सबस्टेशनला फोन लावला आणि गाडी काढून निघून गेले. थोड्या वेळाने आमचा पंखा थांबला. सगळ्या गावाची लाइट गेली होती.

हवा खायला म्हणून मी जीपच्या थांब्याकडे निघालो. तिथं पारावर चार-पाच जण बसले होते. त्यांच्यातला एक मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाला, "आता लाइट घालवली वायरमननं. म्हंजे पोट्ट्याचा खेळ सपला वाटते." बाकीचे हसले. मला आधी काही समजलं नाही. मी थांबून विचारलं तेव्हा त्यानेच सांगितलं, अगदी मजा घेत. सकाळीच मोहल्ल्याच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीची, वायर जळाली होती. तिकडच्या सगळ्या घरांची लाइट बंद, बोअरची मोटर बंद, पाणी नाही. दुरुस्तीला अख्ख्या गावाची लाइन घंटाभर बंद करावी लागणार होती. आणि ती बाबांनी दिवसभर केली नव्हती. मोहल्ल्यात चाचांची मुलगी बाळंतपणाला आलेली होती. पत्र्याच्या खोलीत ती तान्ह्या बाळाला पुठ्ठ्याने वारा घालत बसली होती, हेही त्यानेच सांगितलं.

मी घरी आलो आणि आईला विचारलं, तुला माहीत होतं का. ती चुलीकडे तोंड करून बसली होती.

"मी त्याइले दोनदा म्हनलं," ती म्हणाली. "म्हनलं जा बाप्पा, लोकं वाट पाहून राह्यले. तं मले म्हनते, पोट्टं वर चढून हाय, आता हात नाई लावाचा."

मला ओरडावंसं वाटलं, की मी वर नव्हतोच, मला दुपारच्या आधीच खाली उतरवलं होतं. मोहल्ल्यात ते बाळ तळमळत होतं तेव्हा मी पंख्याखाली बसून दुसऱ्याचा खेळ बघत होतो. पण आईवर ओरडून काय उपयोग. दिवेलागणीला लाइट आली, मागोमाग बाबाही आले. हातपाय धुताना त्यांनी विचारलं, "जितले का?"

"टीम जितली. मले पयल्या दोन डावानंतर बसवलं होतं."

बाबांचा तांब्या धरलेला हात थांबला. "मंग बाहीर काहून नाई आला?"

"बसून राहा लागते. कवा बोलावतीन सांगता येत नाई."

"हं," बाबा म्हणाले. त्यांनी उरलेलं पाणी पायांवर ओतलं आणि आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्याशी भांडलो असतो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं म्हणालो असतो. भांडणात लाज लपवता येते.

पुढचे दिवस मी बाबांकडे बघणं टाळत होतो, पण जे चाललं होतं ते दिसतच होतं. दुसऱ्याच दिवशी एक जण दारात आला. त्याच्या पुतणीची हळद होती आणि त्याच दिवशी दुरुस्तीसाठी लाइन बंद राहणार होती. "मांडवात साउंड हाय, वायरमन. कटाई दोन घंटे पुढं ढकला ना." बाबा नेहमीप्रमाणे नाही म्हणाले. तो माणूस गेला नाही. "तुमच्या पोट्ट्यासाठी दिवसभर ढकलली. माह्या पुतनीची तं हळद हाय." बाबांना त्याला दुरुस्तीचं कारण समजावत बसावं लागलं. मग पिठाच्या गिरणीवाला आला. मग शेतातली मोटर जळालेला एक जण आला. आधी बाबांचं नाही एका शब्दाचं असायचं. आता त्यांना पुढे कारणं द्यावी लागत होती, आणि लोक ती कारणं ऐकताना माझ्या खोलीच्या दाराकडे बघायचे. इतक्या वर्षांचं नाव एका दिवसात, तेही माझ्या दोन डावांवर गेलं, आणि ते दोन्ही डाव मी हरलो होतो.

चाचा मात्र आले नव्हते. बाबाही त्यांच्या दुकानासमोर थांबत नव्हते, गाडी दुसऱ्या गल्लीने घालायचे. आठवडाभराने एका सकाळी चाचाच घरी आले. ते भांडायला आले असते तर मी समजू शकलो असतो. ते खाटेवर बसले, आईला तब्येत विचारली, नातवाचं नाव काय ठेवलं ते सांगितलं. आईने मला चहा घेऊन पाठवलं. मी कप ठेवला आणि निघणार, तेवढ्यात ते म्हणाले, "वायरमन, एक गोष्ट इचारतो. दिल पे नका घेऊ."

"इचार."

"तुमी मले फोनवर सांगतलं, कारंज्याहून सामान याचं हाय, थे आल्याबिगर काम होत नाई. आन मंग संध्याकाळी तुमी गाडीच्या डिक्कीतून सामान काहाडलं. म्हंजे थे सकाळपासूनच तुमच्यापाशी होतं. बरोबर?"

बाबा म्हणाले, "हाव."

"उन्हाचं मले काई नाई. लेकराले घामोळ्या येतात, जातात. तुमी म्हनलं असतं का भाई, माह्या पोट्ट्याची मॅच हाय, तं मी सोता मोहल्ल्यात घरोघरी सांगतलं असतं, राहू द्या आज. आपलंच पोट्टं हाय थे. पन तुमी खोटं काहून बोलले? अन थेबी मले?"

मी रिकामा ट्रे हातात धरून उभा होतो. बाबा जमिनीकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणासमोर मान खाली घातलेलं बघितलं.

"तोंडातून निघालं नाई, भाई," ते म्हणाले. "काय सांगू लोकाइले? माहं पोट्टं मोबाईलवर खेळून राह्यलं म्हनून तुमाले पानी नाई? लाज वाटली मले सांगाले."

जगभरच्या अनोळखी पोरांनी मला त्या कॉमेंटमध्ये आईबहिणीवरून शिव्या दिल्या आहेत, मी म्हातारा आहे, गावठी आहे, मर असं लिहिलं आहे. त्यातलं काहीही मला एवढं लागलं नव्हतं. बाबा माझ्यासाठी गावाची लाइन थोपवून धरू शकत होते, आपलं नाव पणाला लावू शकत होते. फक्त मी काय करतो ते त्यांना उच्चारता येत नव्हतं, आणि ते झाकण्यासाठी ते आपल्या मित्राशी खोटं बोलले होते. मी त्यांना दोष कसा देणार होतो? ते वाक्य मलाच कुठे कुणासमोर धड बोलता येत होतं.

चाचांनी कप उचलला. ते चांगले माणूस आहेत, त्यांना वातावरण हलकं करायचं होतं. "जाऊ द्या. आता पुढच्या बारीले असं नका करू. सीधं सांगजा, पोट्ट्याचा सामना हाय म्हनून."

माझ्या खिशात फोन होता. त्यात सकाळी आलेला कोचचा मेसेज होता. हिंदीत, चार ओळींचा, शेवटी हात जोडलेलं चित्र. तो मी घरात कसा सांगायचा याचा सकाळपासून विचार करत होतो.

"पुढची बारी नाई, चाचा," मी म्हणालो. "मले टीममधून काहाडलं."

चाचांना नीट कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "काय म्हनते हे? कायच्यातून काहाडलं?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग चाचांकडे वळून त्यांनी सांगितलं, कुठल्याही घरच्या कर्त्या मुलाबद्दल सांगावं तसं.

"पोट्ट्याची नोकरी गेली."